वदादबाईंच्या पंख्यावर जळणारा सिग्नल

मित्रांनो, मी एक जुना सिग्नल आहे आणि मला घटकाभरही चैन पडत नाही. लेबनॉनमधल्या एका डोंगरउतारावरच्या गावात, बेकरी आणि औषधाच्या दुकानामधल्या चौकात मी उभा आहे. माझ्याकडे आता कुणी बघत नाही, मी मात्र सगळ्यांकडे बघत असतो. तो ट्रक थांबेल का? ती म्हातारी पलीकडे पोचेल का? माझा जीव सदा टांगणीला लागलेला.

मी समुद्रापलीकडच्या कारखान्यात घडलो आणि लाकडी खोक्यात बसून बोटीने आलो. पालिकेच्या माणसांनी मला उभं केलं, तेव्हा गावाने मिठाई वाटली. दुसऱ्या दिवसापासून शिव्या सुरू झाल्या. हिरवा व्हायला जरा उशीर झाला, की हॉर्नचा गलका! पण थांबायचे सगळे. त्या शिव्यांची मला आज फार आठवण येते.

मग देशाच्या पैशाला रद्दीची किंमत आली. सरकारी वीज दिवसातून जेमतेम येऊन जाऊ लागली आणि घरं महिन्याची वर्गणी भरून जनरेटरवाल्यांच्या तारांवर जगू लागली. माझी वर्गणी कोण भरणार? पालिका म्हणाली, रस्ता मंत्रालयाचा आहे. मंत्रालय म्हणालं, दिवे पालिकेचे आहेत. दोघांनी हात झटकले आणि मी विझलो. माझ्या पिवळ्या दिव्यामागे चिमण्यांनी घरटं केलं.

त्याच काळात फायेजला माझ्या पायाशी एका गाडीने उडवलं. फायेज म्हणजे औषधाच्या दुकानातल्या वदादबाईंचा नवरा. जिवावरचं खुब्यावर निभावलं, पण तो लंगडा झाला. तरी रोज दुपारी तो बायकोसाठी घरून डबा घेऊन हाच रस्ता ओलांडतो.

"घरी गप्प बसायला काय होतं तुला?" वदादबाई ओरडतात.

"आणि तू इथे चहावर दिवस काढशील! घे, कांदा जरा जास्त तळला गेलाय, त्यावरून भांडू नकोस."

तो रस्त्यात असेपर्यंत वदादबाई गिऱ्हाइकाकडे वळूनही पाहत नाहीत. आम्ही दोघं त्याच्या काठीवर नजर लावून असतो.

वदादबाईंनी पालिकेत खेटे घातले. शेवटी परदेशातून मदत आली, पण ती सुशोभनासाठी.

"सित्त वदाद," नगराध्यक्ष म्हणाले (आमच्याकडे बाईंना मानाने 'सित्त' म्हणतात), "या पैशातून विजेचं बिल भरलं, तर मीच अडकेन. रंग लावता येईल, नवे दिवे बसवता येतील."

"आणि ते पेटवायचे कशाने? माझ्या दुकानातून मेणबत्त्या पाठवू?"

मला रंग लागला. नवे दिवे बसले. गळ्यात फुलांच्या कुंड्या आल्या. समारंभात फोटोपुरता उजेड हवा, म्हणून जनरेटरवाल्या अबू नसीमने तार जोडून दिली. "तासाभरापुरती हं, साहेब," त्याने बजावलं.

आणि मी पेटलो! फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. तेवढ्यात फायेज डबा घेऊन आला. मी त्याला हिरवा दाखवला. कितीतरी काळाने तो इकडेतिकडे न बघता, ऐटीत निघाला. तिकडे पाहुण्यांच्या गाड्या हलल्या आणि अबू नसीमने तार ओढली. फायेज रस्त्याच्या मधोमध होता.

मी विझलो. ट्रकचा ब्रेक किंचाळला. डबा उडाला, मसूर आणि भात रस्ताभर झाला. फायेज ट्रकपुढे उभा होता. त्याला खरचटलंही नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वदादबाई धावत आल्या. आधी नवऱ्याला फाडफाड बोलल्या, मग रस्त्यातच बसून रडल्या, मग अबू नसीमकडे वळल्या.

"तार काढताना रस्त्यात कोण आहे, ते बघावंसं नाही वाटलं तुला?"

"तासाचंच ठरलं होतं, सित्त. डिझेल काय माझ्या सासऱ्याच्या विहिरीत लागलंय?"

"मग माझ्या वाट्याची वीज घे. फ्रिजला हात लावू नकोस, त्यात इन्सुलिन आहे. पंखा आणि दिवे काढ, ती वीज या सिग्नलला दे."

"उकाड्यात शिजून निघाल."

"शिजेन. तू जोड."

तेव्हापासून त्यांच्या खिडकीतून एक तार माझ्यापर्यंत येते. घरून निघताना फायेज फोन करतो. वदादबाई बटण दाबतात, त्यांचा पंखा थांबतो आणि मी पेटतो. तो पोचला की पंखा फिरू लागतो आणि मी विझतो. वदादबाई ओढणीने घाम पुसताना मला दिसतात, आणि माझा हिरवा उजेड मलाच टोचतो.

पालिकेचा टँकर मात्र रोज सकाळी येतो. कुंड्यांना पाणी घालायची तरतूद मदतीतच आहे. माझ्या विजेची नाही.

मित्रांनो, तुमच्या चौकातला सिग्नल बंद दिसला, तर नुसता हॉर्न वाजवून पुढे जाऊ नका. पालिकेत जा. नवा रंग दाखवला, तर उजेडाचं काय ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. रस्ता ओलांडणारा प्रत्येक जण कुणाचा तरी फायेज असतो, पण प्रत्येकासाठी बटणावर बोट ठेवून कुणी बसलेलं नसतं.

आत्ताच बघा ना. फायेज केव्हाच पोचला, मी विझलो आहे. बेकरीवाल्याची सून बाळाला कडेवर घेऊन माझ्याजवळ उभी आहे. तिने एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा मागे घेतलं. ती अजून उभीच आहे.