शांतीच्या वेळी

तुरुंगाच्या फाटकापाशी ठमीच्या दुधातला एक घोट मला पिऊन दाखवावा लागतो. मी प्यायले. तपासणीच्या बाईंनी लंगोटांची पिशवी उलटी केली, टोपीची शिवण चाचपली. ठमी त्यांच्या बाहीवर शिंकली.

"सर्दी आहे का हिला?"

"नाही हो, धूळ असेल," मी म्हटलं. सर्दी होती. पण सांगितलं असतं तर तिथूनच परत पाठवलं असतं, आणि घरच्यांना आत येऊ देणारी मिस्सा, फादरांची ती सामूहिक प्रार्थना, पुन्हा केव्हा ठेवतील हे कोणीच धड सांगत नाही.

एरवी भेट काचेआडून. ठमी जन्मली तेव्हा माझा नवरा आतच होता. तिच्या लेखी बाप म्हणजे कानाला फोन लावून बसलेलं एक चित्र. ती काच चाटते, तो पलीकडून हसतो, आणि मग त्याचा चेहरा कसानुसा होतो. मागच्या भेटीत त्यानेच सांगितलं, की मिस्सेत शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की दोन्हीकडच्यांना मधल्या वाटेवर येऊन हात मिळवता येतात. फादरांनी खटपट करून परवानगी आणली होती. लहान मूल असलं तर जवळही घेता येणार होतं.

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ठमी त्याला बघून भोकाड पसरेल, ही एक काळजी. दुसरी गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही. मूल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना हाताला हात लागतोच. त्याला नेलं त्या दिवसापासून माझा हात त्याच्या हाताला लागलेला नाही.

दारू पिऊन त्याने गाडी चालवली आणि एक माणूस गेला. ह्यात पण-बिण काही नाही. सासूबाई भेटीला येत नाहीत. "देवाला तिथे जाऊन भेटायचं असेल तर मी घरीच बरी," म्हणतात. खरं तर चर्चची सवय मला. लग्नाआधी मी आत प्रार्थना करायचे आणि हा बाहेर स्कूटरवर बसून माझी वाट बघायचा. आता उलटं झालंय. तो फोनवर स्तोत्रं म्हणून दाखवतो, आणि मी "हं, हं" करत ठमीचं नाक पुसते.

चॅपल म्हणजे कैद्यांची जेवणाचीच खोली. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर क्रूस, आणि ज्योतीला मनाई म्हणून बॅटरीची मेणबत्ती. कालच्या भाजीचा वास अजून होता. डावीकडे ते, उजवीकडे आम्ही. तो तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसला होता. केस नुकतेच कापलेले, त्यामुळे कान मोठे दिसत होते.

त्याच्या शेजारचा टकलू माणूस माझ्याकडे झुकून कुजबुजला, "वहिनी, मी इथला न्हावी. तुमच्या नवऱ्याने वात आणलाय. रोज उशी छातीशी घेऊन विचारतो, मान बरोबर धरली का रे? मी म्हटलं, बाबा, उशीला मान नसते."

तो लाजला. मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

मिस्सेतलं मला फारसं आठवत नाही. ठमी माझ्या गळ्यातला क्रूस चोखत होती आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. नखांत रंग होता. म्हणजे आता रंगकामाला लावलंय तर. हे त्याने सांगितलं नव्हतं.

फादर म्हणाले, "एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या." सगळीकडे बाकं सरकली. मी वाटेवर आले, तो आला. पहाऱ्यावरच्या बाई आमच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, तो नियमच असावा. मी ठमीला पुढे केलं.

त्याने हात मागे घेतले.

"आधी बाईंकडे दे," तो म्हणाला.

आत काही द्यायचं-घ्यायचं तर थेट चालत नाही. स्वेटर असो, फोटो असो, आधी शिपायाच्या हातात, तिथून पुढे. हे अंगात इतकं भिनलंय की बोलताना त्याचा चेहराही हलला नाही.

"अहो, पोर आहे ते, पार्सल नाही," बाई म्हणाल्या. पण वेळ चाललेला. माझ्या हातातून त्यांनी ठमीला उचललं आणि त्याला दिलं.

ठमी रडली नाही. तिने त्याचा कान धरला आणि ओढला. त्याने तिची मान बरोबर धरली होती, नको इतकी बरोबर. न्हावी, मागचा म्हातारा, आणखी एक दाढीवाला, सगळे तिच्या पायांना बोटं लावून "शांती असो, शांती असो" म्हणत होते. तो रडत होता आणि हसत होता. मी दोन पावलांवर रिकाम्या हातांनी उभी होते. मला कोणी शांती दिली नाही. मुद्दाम नव्हे, सगळ्यांची माझ्याकडे पाठ होती इतकंच.

आता परत देताना तरी, मी मनात म्हटलं. हात पुढे करून ठेवले.

गाणं सुरू झालं. त्याने ठमीच्या डोक्याचा वास घेतला, वळला, आणि तिला अलगद बाईंच्या हातात दिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ठमी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या झबल्याला त्याच्या कपड्यांच्या साबणाचा वास येत होता, आमच्या घरात नसतो तो.

तो जागेवर जाऊन डोळे मिटून गाऊ लागला. आवाज मोकळा होता, पूर्वी कधी नव्हता इतका. काय राहून गेलं हे त्याला कळलंच नव्हतं. कळावं असंही मला वाटेना. पुढच्या भेटीत तो ठमीच्या वजनाबद्दल, तिच्या पकडीबद्दल बोलत राहील, आणि मी काचेला कान लावल्यासारखी ऐकत बसेन.

आधी त्यांची रांग बाहेर निघाली. दारातून वळून त्याने हात हलवला. मी ठमीचं मनगट धरून तिचा हात हलवला.