पेटी धरणारा माणूस

मला राग पटकन येतो, हे अख्ख्या रास अल खोरला माहीत आहे. आखातातल्या या होलसेल मार्केटात सव्वीस वर्षं आंबा विकतोय, आवाज चढवल्याशिवाय तिथे ट्रकच खाली होत नाही. गनीशेट ओरडला नाही तर लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना? पण एका माणसापुढे माझी जी बोलती बंद झाली, ती अजून नीट सुरू झालेली नाही. तेच सांगतो.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी सहाला रत्नागिरीहून विमानाने आलेला माल उघडत होतो. आमच्या धंद्यात माल आला की पेटी उघडायची, तिथल्या तिथे व्हिडिओ काढायचा आणि पाठवणाऱ्याला टाकायचा. डागी किती, पिकलेला किती, यावरून नंतर तंटा नको. माल पाठवतो माझा मेव्हणा रिझवान, आणि तंट्यासाठी तर तो जन्मालाच आलाय. तर व्हिडिओ चालू असताना मागच्या गेटवरून ओरडा ऐकू आला. धावलो. आमचा वॉचमन हमदुल्ला जमिनीवर पडलेला, पाय वाकडा, आणि एक काळा माणूस माझ्या ऑफिसातली बॅग घेऊन पळत होता. त्याने वळून एकदा माझ्याकडे बघितलं. बस, तेवढंच.

दोन दिवसांनी पोलिसांनी मार्केटातले सहा आफ्रिकन हमाल समोर उभे केले. तिसऱ्यावर नजर गेली आणि माझी खात्रीच पटली. हा चेहरा मी पाहिलाय! बोट दाखवून मोकळा झालो. तो किझिटो, युगांडाचा, रोजंदारीवर माल उतरवायचा. तो सांगत होता, मी त्या वेळी याच अरबाबच्या, याच मालकाच्या शेडमध्ये होतो, पेटी धरून उभा होतो. म्हणून कोर्टात मला विचारलं, शेडमध्ये तुमच्याबरोबर कोणी होतं का? मी शपथेवर सांगितलं, कोणी नव्हतं, मी एकटाच होतो. खोटं नव्हतो बोलत. मला तसंच आठवत होतं. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. हमदुल्लाच्या मांडीत रॉड घातला होता, चार महिने तो चालणार नव्हता. मला वाटलं, बरं झालं, खलास.

ऑगस्टमध्ये माझी मुलगी मुनिबा शाळेच्या डिबेटची तयारी करत होती. विषय अमेरिकेतले तुरुंग. सुधारावेत की बंदच करावेत? तिच्या वाट्याला सुधारणेची बाजू आली होती आणि ती चिडली होती, कारण तिला तुरुंगच नको होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हमदुल्लाला जाऊन सांग हे, लंगडत ऐकेल बिचारा. ती इंग्लिशमध्ये फाडफाड बोलायला लागली. तिथे आत कोण भरलेत, अब्बा? कोणाचा रंग बघून बोट दाखवतात? मी म्हटलं, ते अमेरिकेत, आपल्यात काळा-गोरा काही नसतं. तेव्हा ती मराठीवर आली. "मग तुम्ही घरात त्या हमालाला हबशी का म्हणता? त्याला नाव नाही?"

मी तिला जेवणाच्या टेबलावरून उठवलं.

त्याच आठवड्यात रिझवानचा फोन आला. एप्रिलच्या मालात एवढी डागी फळं नव्हतीच म्हणाला. मी म्हटलं, थांब, तुझा व्हिडिओच काढतो. फोनवर मागे मागे जात ती तारीख शोधली आणि लावला.

पडद्यावर आंबे. मग पेटीच्या दोन्ही बाजूंना दोन काळे हात. माझा आवाज, "थोडा ऊपर, लाइट में." हात वर झाले, फोन हलला, आणि पेटीच्या वर चेहरा आला. किझिटो. मंद हसत होता, फोटो काढताना माणूस हसतो तसा. मग लांबून हमदुल्लाचा ओरडा. किझिटो दचकला, गेटकडे बघितलं, पण पेटी टाकली नाही. हलकेच खाली ठेवली, एकही फळ न दबवता. पुढे माझे धावणारे पाय आणि जमीन.

तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. चेहरा ओळखीचा वाटला तो यासाठी! पळणाऱ्याचा चेहरा मी धड पाहिलाच नव्हता, पाहिला होता तो याचा, आणि तोही अशा नजरेने की शेडमध्ये कोणी आहे हेसुद्धा ध्यानात राहू नये. तो व्हिडिओ रिझवानकडेही होता. त्यानेही आंबेच पाहिले होते.

रिझवान म्हणाला, आत्ताच्या आत्ता डिलीट कर. शपथेवर बोललायस. तुलाच आत टाकतील, लायसन्स जाईल, व्हिसा जाईल, पोरीची बारावी आहे. बरोबरच बोलत होता. दोन दिवस मी तो व्हिडिओ कोणाला न दाखवता ठेवला. खोटं कशाला सांगू, डिलीटवर अंगठासुद्धा नेला होता. पण पूर्वी ती सकाळ आठवली की मी एकटा दिसायचो, आता ती आठवली की तोच दिसायचा. तिसऱ्या दिवशी मुनिबाला सगळं सांगितलं आणि सरकारी वकिलाच्या ऑफिसात जाऊन फोन टेबलावर ठेवला. माझा पासपोर्ट जमा झाला. पुढचे सतरा दिवस मी कोणावर ओरडलो नाही.

अठराव्या दिवशी बोलावणं आलं. किझिटोला तिथे आणलं होतं. सुटका झाली होती, फक्त माझा निकाल बाकी होता. बारीक झाला होता, शर्ट अंगावर लोंबत होता. ऑफिसरने त्याच्यापुढे एक कागद सरकवला आणि समजावून सांगितलं, या माणसाच्या साक्षीमुळे तू आत गेलास. तुझी तक्रार असेल तर सही कर, याच्यावर केस उभी राहील. नसेल तर हा घरी जाईल.

किझिटोने कागद वाचला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. मार्केटच्या मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, "मी यांना माफ केलेलं नाही. मे महिन्यात माझी आई गेली, मला ते आत कळलं. हे माफ होणार नाही."

ऑफिसरने पेन पुढे केलं. किझिटोने ते दोन बोटांनी परत सरकवलं.

"पण तिथे मी कोणाला पाठवणार नाही. यांना नाही. ज्याने खरंच चोरी केली, त्यालाही नाही."

ऑफिसरने विचारलं, आणि त्या वॉचमनच्या पायाचं काय? किझिटो म्हणाला, त्याचं उत्तर मला येत नाही साहेब, मी शिकलेला नाही. त्याचं काहीतरी झालंच पाहिजे. पण मी आत राहून आलोय, तेवढं मला कळतं.

अल्लाशपथ, मी मोठमोठी माणसं पाहिलीत, हाजी पाहिलेत, दानशूर पाहिलेत, पण एवढा मोठा माणूस कधी पाहिला नव्हता. माफी नाही, दया नाही, माझ्याशी हातसुद्धा मिळवला नाही. आणि तरी मी त्या दारातून घरी चाललो होतो. घरी जाऊन मुनिबाला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

त्याच्या जागी मी असतो ना, तर कागद वाचायच्या आधीच सही ठोकली असती, आणि खाली तारीखही घातली असती.