कोपरे नसलेली खोली

डोळ्यांसमोर आणा बरं, अशी एक खोली जिला कोपराच नाही. भिंत कुठं संपली आणि छत कुठं सुरू झालं, कळतच नाही. सगळं पांढरंशुभ्र. उजेड सावकाश निळा होतो, मग गुलाबी. जणू ढगाच्या पोटात शिरलोय! आली डोळ्यांसमोर? मग चला आत.

ही खोली मावशीनं आणि सुतारकाकांनी प्रदर्शनासाठी बांधली होती. पण काल आलेले पाहुणे आत जायचे, हातांनी भिंत चाचपायचे आणि गरगरतंय म्हणत बाहेर पळायचे. "आज आणखी कुणाला घेरी आली तर कुलूप लावीन," असं प्रदर्शनाचे व्यवस्थापक बजावून गेले होते.

"महिनाभर राबलो आम्ही इथं. आम्हाला कधी काही झालं नाही," मावशी कुरकुरली. "लोकच नाजूक!"

"बघू तरी," म्हणत तिची भाची पुढं झाली. तिला सगळे खारूताई म्हणत. जमीन मळू नये म्हणून पाहुण्यांना जाड, मऊ सपाता देत. तिनंही त्या घातल्या. दोन पावलांतच तिचे हात भिंत शोधू लागले. वर कुठलं, खाली कुठलं?

"मावशी, मी पडतेय!"

"अगं, चांगली उभी आहेस की!"

"डोळ्यांना पटत नाहीये ते!"

ती धडपडली आणि एक सपात निसटली. अनवाणी पाऊल जमिनीला टेकलं. थंडगार लाकूड. दोन फळ्यांमधली बारीकशी फट अंगठ्याला लागली. तिनं दुसरी सपातही भिरकावली. खोली फिरायची थांबली.

"मावशी, काम करताना तुम्ही पायात काय घालायचात?"

"काही नाही. रंगावर डाग पडले असते ना..." मावशी बोलता बोलता थबकली.

सुतारकाकांनी कपाळावर हात मारला. "घ्या! पाहुण्यांना गादीवर चालवलं आपण, आणि वर त्यांनाच नाजूक म्हणतोय!"

खारूताईनं मान वर केली. छत दूर दूर जात होतं, निळं, आणखी निळं, संपतच नव्हतं. तळव्यांखाली मात्र जमीन जागच्या जागी. पाय इथं आणि डोळे आभाळापार!

एवढ्यात दारात काठी वाजली. व्यवस्थापक आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. आजींनी सपातांच्या टोपलीकडे हात नेला.

"आजी, त्या नकोत," म्हणत खारूताईनं टोपली बाजूला सारली आणि ओलं फडकं घेऊन आजींचे पाय पुसायला खाली बसली.