भोंगा पुन्हा वाजला

तलावावर तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे भोंगा. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं असंही कुणी म्हटलं नसतं. पोहायला शिकवणारी ही बाई काठावर उभी राहून "मान खाली!" म्हणाली, की पाण्यातल्या पोरांची मान तर खाली जायचीच, पण समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी माणसंसुद्धा दचकून थांबायची.

घरी मात्र ती नुसती आत्या. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मोठी मुलं हेच तिचं घर. आणि त्या घरात एक कायमचं भांडण होतं, ते म्हणजे फोनचं. भाची एका कंपनीत अ‍ॅप बनवायची आणि अँड्रॉइडची कट्टर भक्त. भाचा जाहिरातींची चित्रं आणि आवाज जुळवायचा, तो आयफोनशिवाय दुसरं काही हातात धरायचा नाही. जेवताना एकाने विषय काढला की आमटी गार व्हायची.

"तुझा फोन म्हणजे सजवलेला तुरुंग," भाची म्हणायची.

"आणि तुझा म्हणजे भंगाराचं दुकान. हवं ते खोला, हवं ते जोडा, शेवटी चालत काहीच नाही."

भाऊ फोनचा उपयोग मुख्यतः टॉर्चसाठी करायचा, त्यामुळे तो या वादात पडत नसे. वहिनी कुणाचाही जुना झालेला फोन आनंदाने वापरायची. आणि आत्या? आत्या "गप्प बसा रे दोघं!" असं एकदाच म्हणायची. ताटं हलायची, वाद मिटायचा.

मग तिच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी गाठ काढली, जीव वाचला, पण त्या गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. आता ती श्वास घ्यायची तो गळ्याशी केलेल्या छिद्रातून. त्यावर कायम एक मऊ रुमाल. पाण्यात उतरायचं नाही, कारण छिद्रातून पाणी आत गेलं तर थेट फुप्फुसात. इतकं सगळं तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. पण घरी परतल्यावर एकदा आरशासमोर उभं राहून तिने शिट्टी तोंडात धरली आणि जोर लावला. गाल फुगले, शिट्टी ढिम्म. वारा खालून, रुमालातून निघून गेला. शिट्टीही गेली हे तेव्हा तिला कळलं, आणि इतक्या दुखण्यात जी रडली नव्हती ती मोरीचं दार लावून रडली.

तलावाचे सेक्रेटरी भेटायला आले. माणूस वाईट नव्हता, पण दया दाखवायची त्याला भारी हौस. "मॅडम, तुम्ही आता ऑफिसात बसा. पंख्याखाली. नवीन मुलांची नावनोंदणी बघा. काठावर आम्ही कुणीतरी तरुण माणूस बघतो."

आत्याने मान हलवली. ती मान 'नाही' म्हणत होती. सेक्रेटरींनी ती 'बरं' अशी वाचली.

तिच्या काळजीचं खरं कारण होतं बेडकी. ही मुलगी छाती पाण्याला लावून, पाय बेडकासारखे झाडत पोहण्यात तरबेज, म्हणून हे नाव. अंगात ताकद भरपूर, पण शेवटच्या फेरीत तिचा ताल सुटायचा. पाय आखडायचे, हात घाई करायचे. तेव्हा काठावरून भोंगा वाजला की सगळं जागेवर. स्पर्धा तोंडावर आली होती आणि बेडकी घरी येऊन रडवेली होऊन सांगून गेली, "मॅडम, तुम्ही ओरडला नाहीत ना, तर माझे पाय माझं ऐकतच नाहीत."

भाच्याने लगेच आपला फोन पुढे केला. "आत्या, यात टाइप कर, हा बोलतो. आवाज बघ किती गोड आहे."

गोडच होता. आत्या तो घेऊन तलावावर गेली. बेडकीची कोपरं घसरलेली दिसताच ती टाइप करायला लागली, पण वाक्य पुरं होईपर्यंत मुलगी भिंतीला हात लावून परत फिरली होती. त्यात बोटं ओली. ओल्या बोटाला पडदा कसा दाद देणार? एक अक्षर दाबावं तर दुसरंच उमटे, आणि फोन अतिशय नम्रपणे म्हणाला, "कोपर पर पर पर."

पोरं खो खो हसली. आत्यालाही हसू आलं, पण तिचं हसू कुणाला ऐकू आलं नाही. ती वळली आणि घरी आली.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली. वहिनी पलीकडे फोनवर काहीबाही बघत होती. तलावावरच्या पालकांच्या ग्रुपमध्ये बेडकीच्या आईने तिचा जुना व्हिडिओ टाकला होता: एवढीशी पोर, डोक्यावर मोठी टोपी, पाण्यात हातपाय झाडतेय. आणि त्या व्हिडिओत कुठूनतरी, चित्राबाहेरून, आवाज आला.

"पाय! पाय मार! अजून!"

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने वहिनीच्या हातून फोन जवळजवळ हिसकावला. पुन्हा लावला. पुन्हा लावला. वहिनी घाबरून म्हणाली, "अहो, त्रास होतोय का? बंद करू का?"

आत्याने जोरजोरात मान हलवली. मग वाटाण्याच्या सालांखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढून त्यावर पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि धावत जाऊन तो भाचीच्या नाकासमोर धरला: 'हाच आवाज. बटणावर हवा. ओल्या हाताने. न बघता.'

भाचीने कागद वाचला, आत्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे चमकले. "बाजूची बटणं," ती म्हणाली. "आवाज कमी-जास्त करायची. ती खरी बटणं आहेत, ओल्या हातानेही दाबली जातात. माझ्या फोनमध्ये ती मला हवी तशी वापरता येतात. एकदा दाबलं तर एक हाक, दोनदा दाबलं तर दुसरी."

"माझ्या फोनमध्येही काहीतरी जमेल," भाचा म्हणाला.

"जमेल तेव्हा सांग. आत्ता आवाज कोण साफ करणार? मागे पाण्याचा केवढा गोंगाट आहे."

भाचा क्षणभर फुरंगटला. मग म्हणाला, "आण इकडे. ते तुझ्या बापजन्मात जमायचं नाही."

"बाप तुझाही तोच आहे," भाऊ आतून म्हणाला.

ग्रुपवर निरोप गेला: कुणाच्याही व्हिडिओत मॅडमचा आवाज असेल तर पाठवा. आणि पूर आला. आता कामाधंद्याला लागलेल्या, परगावी गेलेल्या जुन्या पोरांकडूनसुद्धा व्हिडिओ आले. कुणी आपल्या पोराची पहिली उडी टिपली होती, कुणी बक्षीस समारंभ, कुणी नाचाच्या रीलसाठी काठावर फोन टेकवला होता. प्रत्येक आईबापाने आपलंच लेकरू टिपलं होतं आणि नकळत सगळ्यांनी मिळून तिचा आवाज जपून ठेवला होता. आत्या भाच्याच्या शेजारी बसून एकेक हाक निवडायची. ही नको, यात सर्दी आहे. ही घे. 'लांब!' अशी ओढलेली एक हाक सापडली तेव्हा तिने भाच्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो म्हणाला, "आवाज गेलाय, हात शाबूत आहे हं."

पहिल्या चाचणीला फजिती झाली. हाक तलावभर पोचावी म्हणून आत्याच्या कमरेला लावलेला स्पीकर बिनतारी होता आणि हाक दाबल्यानंतर किंचित उशिरा यायची, पाय झाडून झाल्यावर "पाय!" भाचीने मुकाट साधी वायर जोडली. मग हाक बोटाबरोबर यायला लागली. आत्या घरभर सराव करत फिरू लागली. वहिनी भाजी चिरत असली की मागून अचानक "कोपर वर!", आणि वहिनीचं कोपर खरंच वर जाई.

स्पर्धेच्या दिवशी ती फोन मुठीत धरून काठावर उभी राहिली, तेव्हा दुसऱ्या क्लबचे कोच पंचांकडे गेले. "यंत्र चालणार नाही. हा अन्याय आहे."

पंच वयस्कर होते, शांत होते. ते आत्याजवळ आले. "काय आहे ते ऐकू द्या."

आत्याने बटण दाबलं.

"मान खाली!"

पंचांची स्वतःची मान खाली गेली. आजूबाजूला हशा पिकला. पंचांनी मान वर करून टोपी सारखी केली आणि त्या कोचना म्हणाले, "काठावरून तुम्ही ओरडता ना? मग यांनीही ओरडावं. यंत्र असलं तरी आवाज यांचाच आहे. आणि खरा याच्यापेक्षा मोठा होता, मी ऐकलेला आहे."

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेऱ्यांत बेडकी दुसरी-तिसरी होती, आणि आत्या गप्प होती. भाची कुजबुजली, "आत्या, दाब ना!" आत्याने तिच्याकडे बघितलंही नाही. शेवटची फेरी लागली. बेडकीचे पाय आखडायला लागलेले आत्याला दिसले, आणि तिचा अंगठा खाली गेला.

"लांब! लांब!"

प्रेक्षकांमध्ये बसलेली तिची जुनी पोरं ताडकन उठून उभी राहिली. तो आवाज ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पाण्यात बेडकीचं शरीर एकदम सैल झालं, लांब झालं, आणि पाय पुन्हा तालात आले. "पाय! पाय मार! अजून!" आत्या काठाने तिच्याबरोबर चालत होती, मग जवळजवळ धावत होती, आणि तिचा अंगठा एकही ठोका चुकत नव्हता. बेडकीने एकीला मागे टाकलं. मग पुढचीच्या बरोबरीला आली. आणि मग भिंतीला हात लावला, सगळ्यांच्या आधी.

सगळा तलाव ओरडत होता. भाऊ ओरडत होता, वहिनी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारत होती. बेडकी निथळत बाहेर आली आणि मॅडमसमोर उभी राहिली. आत्याने भाचीकडे बघून ओठांनी विचारलं: शाब्बासवालं बटण कुठलं?

भाची कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, सगळ्या व्हिडिओंत शोधलं गं. एकातही नाही. तू कधी म्हटलंच नाहीस."

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. समोरच्या बेडकीला ते ऐकू गेलं, ती मात्र खुदकन हसली. "नकोच, मॅडम. शाब्बास ऐकलं असतं तर मीच घाबरले असते." आणि मग आत्याने तिला ओल्या अंगासकट कवेत घेतलं. बेडकीने आपला तळवा हळूच मॅडमच्या रुमालावर धरला, पाणी आत जाऊ नये म्हणून.

सेक्रेटरी आले ते हात जोडूनच. सकाळची बॅच तुमचीच, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. या वेळी आत्याने मान हलवली ती त्यांना बरोबर वाचता आली.

पुढे भाच्याने हट्टाने आपल्या फोनसाठीही तेच अ‍ॅप उभं केलं, मुठीत मावणाऱ्या एका वेगळ्या बटणावर चालणारं, आणि घरातलं भांडण पुन्हा जोमात सुरू झालं: कुणाच्या फोनवर भोंगा जास्त खणखणीत वाजतो? दुसऱ्या गावच्या एका शिक्षकाचा आवाज असाच गेला होता. त्यांच्या विद्यार्थ्यांनी गॅदरिंगचे जुने व्हिडिओ धुंडाळले आणि सर पुन्हा वर्गात "शेवटचा बाक!" म्हणू लागले.

आणि सकाळच्या बॅचला नवी पोरं आली. लहान, थंडीने कुडकुडणारी, काठाला चिकटून उभी. त्यांनी भोंग्याबद्दल काहीही ऐकलेलं नव्हतं. समोर गळ्याला रुमाल बांधलेली एक गप्प बाई होती आणि तिच्या हातात फोन होता. एकजण शेजारच्याला म्हणाला, "ही तर बोलतच नाही."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर हसू उमटू दिलं नाही. अंगठा बटणावर टेकवला आणि दाबला.

"उडी!"

सगळी रांग एकदम पाण्यात पडली.