मोलाची भर

प्रयोगशाळेतल्या त्या पिवळ्या पावडरीला सर 'थोरली सून' म्हणत. निळा दिवा लावला की कामाला लागायची, दोन रसायनांचं जुळवून द्यायची आणि स्वतः होती तशीच. मग गाळा, धुवा, वाळवा, पुन्हा जुंपा. "राबते, पण झिजत नाही," सर पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. त्यांच्यात कुणी थोरली सून असलीच, तर ती नुसती बघत राही.

झिजत होती की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. सांडत मात्र नक्की होती. थोडी गाळणकागदाला चिकटे, थोडी चमच्याला, थोडी ताईच्या ॲप्रनला. ताई म्हणजे सरांची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. वजन कमी भरलं की ती बाटलीतली ताजी पावडर घालून पुरं करी. यात लबाडी आहे असं तिला आधी वाटलं नाही. वाटलं तोवर खेपेगणिक पावडर किती काम करते त्याचा आलेख छापून झाला होता: सरळ आडवी रेघ, दृष्ट लागावी अशी.

धाकटीची रेघ उतरत गेली. धाकटी म्हणजे सरांची नवीन विद्यार्थिनी. तिने भर घातली नव्हती. उरेल त्या पावडरीच्या मापाने बाकीचं सगळं कमी घेतलं होतं.

"पावडर थकतेय, सर."

"पावडर नाही, तुझा हात थकतोय. ताईकडे जा, जरा वळण लागेल."

ती गेली. ताईने तिला गाळणकागदाची घडी फार मायेने शिकवली. बाटलीबद्दल बोलली नाही.

आणि आज ताईची पीएचडीची तोंडी परीक्षा. तिचे सासरे कडक इस्त्रीच्या शर्टात शेवटच्या रांगेत. पडद्यावरची चित्रं सरकवायला धाकटी.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी आडव्या रेघेकडे चष्म्यावरून पाहिलं. "गाळताना पावडर कमी होतच असणार. मग पुढच्या खेपेला काय करायचात?"

"भर घातली," ताई म्हणाली.

सर लगेच उठले. "विनय आहे हो तिचा. ज्ञानात मोलाची भर घातली, शिफारशीत मी हेच लिहिलंय."

हशा पिकला. सासऱ्यांनी टाळी वाजवली, तिच्यात आणखी टाळ्या मिसळल्या. बाईही हसल्या आणि पान उलटू लागल्या.

सुटले, असं ताईला वाटलं. धाकटी तेवढी हसत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"ज्ञानात नाही, मॅडम." ताईचा आवाज तिलाच ऐकू येईना. "पावडरीत. बाटलीतून. प्रत्येक खेपेला."

टाळ्या थांबल्या, सासऱ्यांची जरा उशिरा.

"म्हणजे शेवटी त्यात जुनी किती होती?"

"सांगता नाही येणार."

"हे चुकतंय, हे कळलं कधी तुम्हाला?"

"हिची रेघ उतरली तेव्हा. हिच्या हातात काही खोट नाही. खरी रेघ हिचीच आहे."

सर बसले आणि रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायले.

बाईंनी प्रबंध मिटला. "पुन्हा करा सगळं. भर न घालता."

व्हरांड्यात सासऱ्यांनी विचारलं, "मग झालीस ना गं डॉक्टर?" ताईने नुसती मान हलवली, कुठल्या दिशेने, ते त्यांना कळलं नाही. मागून धाकटी वायरींचं भेंडोळं घेऊन चालली होती.

"माप कमी कसं करत जायचं, ते दाखवशील मला?" ताईने विचारलं.

"ते तुम्हाला येतच होतं, ताई," धाकटी म्हणाली.