बाजूला ठेवलेला पाव

या घरात राग बोलून दाखवायची पद्धत नव्हती. राग आला की पाव बाजूला ठेवायचा. जेवायला बसताना आई प्रत्येकाच्या ताटाशेजारी पावाचा एक जाड तुकडा ठेवी, आणि ज्या दिवशी वडील रागावलेले असत त्या दिवशी ते बाकीचं सगळं मुकाट्याने जेवून तो तुकडा तसाच सोडून उठत. आरडाओरडा नाही की आदळआपट नाही. पण तो तुकडा दिसला की दादा आणि त्याची धाकटी बहीण हळूच ताटावरून उठायची. ‘बाबांनी पाव ठेवला’ असं एकमेकांच्या कानात सांगून पुढचे दोन-चार दिवस दोघंही त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नसत. का ठेवला हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आपणच काहीतरी केलं असणार याची मात्र दोघांना खात्री असे, आणि मुलांनी काही ना काही केलेलं असतंच.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दादा आता पन्नाशीत शिरला होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देण्यात तर त्याचा हातखंडा होता. “लाजू नका, घंटा दाबा,” असं तो सगळ्यांना बजावायचा, कारण आत गुपचूप बसून राहणारी शहाणी माणसंच सगळ्यात उशिरा सापडतात असा त्याचा अनुभव होता. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा हाच गडी मूग गिळून बसला.

वेळ आली होती ती डायबेटिसची. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि पाव, भात, बटाटा, केक या मंडळींना यापुढे लांबूनच नमस्कार करा, असं सांगितलं. दादाने ऐकलं आणि मन लावून पाळलंही. अंडी, मासे, कोबी, काकडी, मूठभर शेंगदाणे, जेवणानंतर चालणं. आकडे खाली येऊ लागले होते. डब्यात काय आहे हे कामावर कुणी बघत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. प्रश्न होता वर्षाच्या सुट्टीचा. आईच्या घरी सगळ्यांनी जमायचं आणि आठवडाभर खायचं, हा त्या घराचा एकमेव व्यायाम.

बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, सरळ सांगून टाका. दादा म्हणाला, आईला सांगितलं की तिची झोप उडेल, आणि बुटकीला सांगितलं की ती आपल्याकडे पेशंटसारखी बघायला लागेल. बुटकी म्हणजे त्याची लेक. तिसऱ्या वर्षी पडलेलं हे नाव सतराव्या वर्षी तिने बापाच्या डोक्यावरून उंची नेली तरी चिकटून राहिलं होतं. दादाला जगात कुणाची भीती वाटत असेल तर ती या पोरीच्या डोळ्यांत आपण लहान होण्याची. तेव्हा सात दिवस कसेबसे निभावून न्यायचे असं ठरलं. “घंटा तेवढी तुम्ही दाबू नका,” बायको म्हणाली आणि त्याच्या हत्यारांच्या पिशवीत तिने दाण्यांच्या पुड्या कोंबल्या.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. आईकडचा पाव लांबट, भट्टीत भाजलेला, दोन्ही टोकांना कडक. टोकाचा तुकडा मोडून अर्धा बापाने आणि अर्धा लेकीने खायचा, ही त्या दोघांची बुटकीला दात आल्यापासूनची रीत. बाकीचे उठायच्या आधी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून दोघं ते टोक चावत आणि झोपलेल्यांची निंदा करत. दादाला त्या सात सकाळींसाठीच सुट्टी हवी असायची. या वेळी बुटकीने टोक मोडून अर्धं पुढे केलं, आणि दादा म्हणाला, “नको.” का नको याचं काहीतरी कारण त्याने शोधून ठेवायला हवं होतं. ते ठेवलं नव्हतं, म्हणून त्याने नुसताच घसा खाकरला आणि आपण फिरून येतो म्हणून चपला घातल्या. फाटकाशी पोचल्यावर त्याने मागे पाहिलं तर पोरगी हात तसाच पुढे धरून बसली होती.

दुपारी जेवायला सगळे बसले. आईने नेहमीप्रमाणे तुकडे ठेवले. दादाने दोन अंडी खाल्ली, मासा खाल्ला, कोबी दोनदा मागून घेतला, बटाटे कडेला सारले आणि पावाला हात न लावता उठला. आपण किती सफाईने निभावलं या खुशीत तो हात धुवायला गेला. त्याच्या मागे टेबलावर काय झालं ते त्याला दिसलं नाही. धाकटीचा चमचा तोंडापर्यंत जाऊन थांबला, तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “दादाने पाव ठेवला.”

घरात आधीच हवा तापलेली होती. आईला आता एकटीने जिना चढवत नव्हता, तिने यापुढे कुणाकडे राहायचं हा विषय सगळ्यांच्या मनात होता आणि कुणाच्या तोंडात नव्हता. त्यात हा पाव. रात्रीही तसाच राहिला, दुसऱ्या दिवशीही. दादा केकला नको म्हणाला तेव्हा तर जावईबापूंच्या कपाळाला घाम फुटला.

जावईबापू म्हणजे धाकटीचे यजमान. हे बँकेत बसतात आणि दिसायला अगदी निर्ढावलेले वाटतात, पण आतून लोणी. तिसऱ्या दिवशी दादा अंगणात फेऱ्या मारत असताना ते त्याच्या बरोबरीने चालू लागले आणि दोन फेऱ्यांनंतर त्यांनी कबूल केलं की गेल्या वर्षी दादाचं ड्रिल मशीन त्यांनी न विचारता घेतलं होतं, मोटर जाळली होती आणि गुपचूप परत खोक्यात ठेवलं होतं. दादा बघतच राहिला. त्या ड्रिलवरून त्याने दुकानदाराशी भांडण केलं होतं, त्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं आणि तेव्हापासून त्या रस्त्याने जाणं सोडलं होतं. जावईबापू म्हणाले, आता मन मोकळं झालं, आता जेवा. दादाला या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही. त्याने आपलं जाऊ द्या म्हटलं. रात्री पाव परत बाजूला, म्हणजे प्रकरण ड्रिलचं नाही हे घराला कळून चुकलं.

मग धाकटी आली. तिने माडीवर त्याला एकट्याला गाठलं आणि रडतच सांगितलं की आईसाठी तिने आपल्या घरातली खोली रिकामी केली आहे, रंगही देऊन झाला आहे, दादाला आधी विचारायला हवं होतं, चुकलं. आता मात्र दादाला खरोखरच राग आला. आपल्याला न विचारता आईची खोली रंगवून मोकळी? तो तडक खाली आला, ताटावर बसला, आणि त्या संतापाच्या भरात त्याचा हात नेमका पावाकडे गेला. बायकोने टेबलाखालून पाय दाबला म्हणून निभावलं. खऱ्या रागात पाव खायला निघालेला माणूस त्या घराने प्रथमच पाहिला असता.

हे सगळं गमतीचं होतं, एक सोडून. बुटकी जवळ येत नव्हती. सकाळी ती पायरीवर नसायची. जेवायला सगळ्यांच्या आधी बसायची आणि लगबगीने उठायची. त्याने हाक मारली की “आले” म्हणायची आणि यायची नाही. दादाने स्वतःची समजूत घातली की पोरं मोठी होतात, त्यांना पायऱ्या पुरत नाहीत. मग पाचव्या दिवशी दुपारी तो खोलीत आडवा पडला होता. दार उघडं होतं. बुटकी चपला हातात घेऊन, चवड्यांवर, श्वास धरून त्याच्या दारासमोरून गेली. दादा ताडकन उठून बसला. त्याच बोळातून, बाबांच्या याच खोलीच्या दारासमोरून तो आणि धाकटी असेच जायचे. चपला हातात घ्यायची युक्ती तर त्याचीच होती.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. आई कोबी चिरत होती. या पाच दिवसांत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती, ती आत्ता आली. रोज त्याच्या पुढ्यात कोबी वाढत चालला होता आणि बटाटे कमी होत चालले होते, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आईने मान वर केली नाही.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून?”

“शुगर.”

दादाने आधी कानांवर हात ठेवायचा प्रयत्न केला, पण आईपुढे तो जन्मात कधी टिकला नव्हता. तिला कसं कळलं, असं त्याने विचारलं. त्यात कळायचंय काय, ती म्हणाली, जेवण झालं की अंगणात फेऱ्या, पाव बाजूला, खिशात दाणे. वडिलांचं सगळं तिने असंच बघितलं होतं. दादाला आधी वाटलं तिचा काहीतरी गोंधळ होतोय. वडिलांचं काय? ते तर रागावले की पाव ठेवायचे.

आईने सुरी खाली ठेवली. “त्यांना राग कुठला यायला? साधं मांजर हाकलता येत नव्हतं त्यांना. शुगर होती. चार दिवस पथ्य पाळायचे, मग जीभ ऐकायची नाही, खायचे. तुम्हाला वाटायचं, राग गेला.”

“मग तू आम्हाला सांगितलं का नाहीस?”

“शपथ घातली होती. रागीट बाप म्हणून मुलं घाबरली तर घाबरू देत, म्हणायचे. आजारी बाप म्हणून कीव नको.” तिने सुरी परत उचलली. “पुढे त्यांनाच सांगायचं होतं तुम्हाला. पण ते नुसते हाक मारायचे आणि तुम्ही दोघं मागच्या दाराने पसार. मग त्यांनी हाक मारायचंही सोडलं.”

दादा तिथेच स्टुलावर बसला. त्याला त्या हाका आठवल्या. अगदी साध्या हाका होत्या, त्यात राग शोधून शोधून सापडला नसता. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. आईने त्याला रडू दिलं, आणि मग कोबीचा दांडा त्याच्या हातात ठेवून म्हणाली की नुसतं बसायचं असेल तर निदान हे खा, याने काही वाढत नाही.

रात्री जेवायला बसताना आईने सगळ्यांच्या ताटाशेजारी पाव ठेवला आणि दादाच्या ताटाशेजारी ठेवलाच नाही. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. आजवर पाव ठेवणारे पाहिले होते, वाढायचाच बंद झालेला कुणी पाहिला नव्हता. बुटकी अर्धवट उठलीच होती.

“बस,” दादा म्हणाला. “मला डायबेटिस झालाय. मी कुणावर रागावलेलो नाही. आणि बाबाही कधी रागावले नव्हते.”

मग त्याने सगळं सांगितलं, अडखळत, मधे पाणी पीत. धाकटी ऐकता ऐकता हातातल्या पावाकडे बघत राहिली. मग ती डोळे पुसू लागली. जावईबापूंना हे जेवढं सोसवलं तेवढं त्यांनी सोसलं.

“म्हणजे ड्रिलचं तुम्हाला माहीतच नव्हतं?”

“नव्हतं.”

“मग मी उगाच सांगितलं.”

“दुकानदाराकडे मात्र तुम्ही माझ्याबरोबर यायचं,” दादा म्हणाला. “माफी तुम्ही मागायची, मी शेजारी उभा राहीन.”

धाकटीने रडता रडताच विचारलं, मग खोलीचं काय. त्यावर आई म्हणाली, रंग कुठला दिलास? पिवळा, धाकटी म्हणाली. आई म्हणाली, मला पिवळा आवडत नाही हे या घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि कुठे राहायचं हेही अजून मला कुणी विचारलेलं नाही. दादा आणि धाकटी दोघंही आपापल्या ताटात बघू लागली. उद्या सकाळी विचारा, आई म्हणाली, आत्ता जेवा.

मग बुटकीने विचारलं, “बाबा, मग तू माझ्यावर रागावला नव्हतास?”

“कशाबद्दल?”

तिने आत्याच्या नवऱ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, दोघांचं काय झालं याचा विचार केला. “काही नाही,” ती म्हणाली.

सगळ्यांत आधी आईला हसू फुटलं. त्या हसण्यात पोरीने सवयीने पावाचं टोक उचललं, मोडलं आणि अर्धं बापापुढे धरलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा हात तिथेच राहिला, त्या पहिल्या सकाळसारखा. दादाने तो तुकडा या वेळी घेतला. नाकाशी नेऊन त्याने एकदा पोटभर वास घेतला आणि तो तिच्याच ताटात ठेवला.

“दोन्ही तुझे,” तो म्हणाला. “पण खायला पायरीवर यायचं. मी हाक मारली की यायचं.”

“आणि तू काय खाणार?”

“दाणे.”

बुटकीने आपलं ताट उचललं आणि ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.