चार बोटं डांबर

तिने खोडरबर टेबलावर ठेवलं, त्यावर चौकशी अधिकारी मॅडमचीच पट्टी आडवी टाकली, आखूड टोकावर पेपरवेट आणि लांब टोकावर पेन्सिलींचा डबा ठेवून हळूच हात काढला. पट्टी डुगडुगली आणि तरंगत राहिली.

"हा आपला पूल," ती म्हणाली. "पेपरवेट म्हणजे खाली खड्ड्यातली लोखंडी ठोकळ्यांची पेटी. दोन्हीकडचा जोर सारखा, म्हणून एवढं धूड एक छोटीशी मोटर उचलते. मोटर नव्हती तेव्हा दोन माणसं चाक फिरवून उचलायची. त्यातले एक माझे आजोबा."

"चौकशी चाललीय, विज्ञान प्रदर्शन नाही," इंजिनिअर म्हणाला.

"प्रदर्शनात तुम्ही नापास झाला असतात."

तिने शाईचा पॅड डब्यावर ठेवला. पट्टी खाडकन आपटली, पेन्सिली मॅडमच्या कागदांवर घरंगळल्या.

"आणि हे तुमचं चार बोटं डांबर."

बाबा शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. सोबत एक माणूस आणता येईल, असं चौकशीच्या पत्रात होतं. माणूस किती वर्षांचा, ते नव्हतं. युनियनवाले काका "गप सही करून मोकळा हो" म्हणून हात झटकून गेले, तेव्हा ती शाळेच्या गणवेशातच निघाली होती.

पंधरा दिवसांपूर्वी मालाची बोट आली, बाबांनी पूल उचलला आणि तो अर्ध्यावर अडकला. मोटर जळली. दोन्ही काठ पाच तास तुंबले. एक ॲम्ब्युलन्स फाटकाशी थांबून परत फिरली, चाळीस किलोमीटरचा वळसा घालून गेली. आतली बाई जेमतेम वाचली. तेव्हापासून गावभर एकच, पूलवाल्याला डुलकी लागली. वर्गात एकीने तसं म्हटलं, तर हिने तिचा डबा खिडकीबाहेर भिरकावला होता.

"नुसता रंग दिला तरी पेटीत दोन ठोकळे वाढवायचे, हा पूल झाल्यापासूनचा नियम," ती म्हणाली. "यांनी पुलावर डांबर ओतलं आणि ठोकळा एक नाही. बाबांनी तीन अर्ज दिले. तिन्ही मीच लिहिलेत. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

मॅडमनी इंजिनिअरकडे पाहिलं. "अर्ज आले होते?"

"आले असतील."

"असतील?" तिचा आवाज फाटला. "झोपा तुम्ही काढायच्या आणि नाव माझ्या बाबांचं?"

"बस खाली," बाबा पुटपुटले.

"नाही बसणार!"

मॅडमनी पेन्सिली एकेक करून डब्यात भरल्या. मग बाबांना विचारलं, "रोज पहिल्या वेळी वीतभर उचलून थांबता ना तुम्ही? मोटर ऐकायला?"

"हो."

"त्या दिवशी थांबलात?"

"थांबलो."

"मग?"

"रडत होती मोटर."

"तरी वर घेतलात?"

"बाबा, सांगा ना!" ती मध्येच म्हणाली. "यांनीच फोन करून घाई केली असणार."

"कुणाचा फोन नव्हता." बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. म्हटलं, वाचता येत नसेल तर डोळ्यांनी बघा."

इंजिनिअर खुर्चीत सैल होऊन बसला.

मॅडमनी जबाबाचा कागद पुढे सरकवला. "यात 'निष्काळजीपणामुळे' लिहिलंय. दोन पगारवाढी थांबतील, नोकरी राहील. अर्जांचं काय झालं ते मी बघते." त्यांनी इंजिनिअरकडे असं पाहिलं, की तो पुन्हा ताठ झाला. "तुम्ही आत्ता जे बोललात, ते मी ऐकलेलं नाही. सही करा."

बाबांनी पेन घेतलं. 'निष्काळजीपणामुळे' या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, 'जाणूनबुजून'.

"घरी बसावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"बसेन. पण एकतीस वर्षांत निष्काळजीपणा एकदाही केला नाही मी."

त्यांनी सही केली आणि लेकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. इतके दिवस ती ज्या बाबांसाठी भांडत होती, अगदी तसेच दिसत होते ते.

"ॲम्ब्युलन्स फाटकाशी उभी होती," ती हळू म्हणाली. "पूल वर घेताना तुम्हाला केबिनमधून दिसत होती?"

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. मग पुन्हा काढलं.

तिने आपली खुर्ची उचलली, फरफटू न देता, आणि मध्ये एका खुर्चीची जागा सोडून बसली.